तोरिनो ते व्हिएन्ना, मार्गे नांदेड

“तुझा व्हिसा आला न्हाई म्हणून मी माझा फाडून टाकू का?” वीरेश म्हणला.

असं म्हणला आन वरून मावशीकडं बघितलं, जसं काय म्या त्याला फाडच म्हणलो होतो. म्या एवढंच म्हणलो होतो की एक वर्ष थांब. पुढच्या जूनला दोघं मिळून जाऊ. नदी कुठं पळून चालली न्हाई.

मी तवा लातूरला, त्यांच्या दाळमिलच्या वरच्या घरात उभा होतो. पहाटं नांदेडहून निघून सायकलवर आलो होतो. लोहा, अहमदपूर, चाकूर, एकशे चाळीस किलोमीटर. कॅरिअरला त्याच्यासाठी शिवलेल्या दोन बॅगा. शर्टावर मिठाचे पांढरे पट्टे पडलेले आन मावशी म्हणून राहिली, आधी बस, ताक पी, मग काय भांडायचं ते भांडा. खाली मिल चालू होती, पायाखालची फरशी बारीक थरथरून राहिली होती. हॉलच्या मधोमध त्याची नवी सायकल उभी. हँडलवरचं प्लास्टिक अजून काढलेलं न्हाई.

वीरेश माझा मावसभाऊ. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, इंजिनीअर, बोलायला गोड, फोटोत चांगला येतो. आमच्या घरात त्याचं नाव दिवसातून चार बार निघतं. “वीरेशला बघ” असं अव्वानं, माझ्या आईनं, सुरू केलं की मी उठून बाहेर जातो, पुढचं मला पाठ हाय. म्या शाळा नववीत सोडली. सरानं हात उगारला, म्या तो वरच्यावर धरला. त्यानंतर त्यांनी बोलावलं न्हाई आन मी गेलो न्हाई. तवापासून अप्पाच्या दुकानात बसतो.

दुकान बॅगांचं हाय, गुरुद्वाऱ्याच्या मागल्या गल्लीत. नव्या इकतो, जुन्या दुरुस्त करतो. विमानातून आलेल्या यात्रेकरूच्या बॅगेचं एक तरी चाक तुटलेलंच असतं. चाक बसवायला अर्धा तास लागतो. तवर माणूस स्टुलावर बसून राहतो, आन बसलेला माणूस बोलतोच. कॅनडावाले, इंग्लंडवाले लई येतात, पण मला इटलीवाले आवडायचे. गाई सांभाळणारे लोक. त्यांच्या बोलण्यातून कळलं की तिकडं पो नावाची नदी हाय, तिच्या दोन्ही अंगानं सपाट रान, मका, गोठे, आन त्या गोठ्यांत कामाला पंजाबी. जिथं पंजाबी तिथं गुरुद्वारा, जिथं गुरुद्वारा तिथं लंगरचं जेवण आन पाठ टेकायला जागा. नांदेडच्या लेकराला हे शिकवावं लागत न्हाई.

सायकलवरून युरोप फिरणाऱ्यांचे व्हिडिओ मी आधीपासून बघायचो. ते लोक तंबू ठोकतात, बारक्या स्टोव्हवर शेवया उकळतात, रविवारी दुकानं बंद असली की बिस्किटावर दिवस काढतात. मला वाटायचं, हे लोक येडे हायेत का? गुरुद्वाऱ्यात कामून जात न्हाईत?

म्हणून म्या वही केली. एका पानाला एक मुक्काम. गावाचं नाव, मागच्या मुक्कामापासून किती किलोमीटर, रस्ता बांधावरचा का डांबरी, पाण्याचा नळ कुठं, गुरुद्वारा गावाच्या कोण्या बाजूला, कोणाला भेटायचं. चाक बसवता बसवता विचारायचं, माणूस गेला की लिहायचं, मग फोनवर नकाशा मोठा करून खरं हाय का बघायचं. एकानं सांगितलेलं दुसऱ्याला पुन्हा विचारायचं. तोरिनोपासून व्हेनिसच्या अलीकडपर्यंत नदीकाठ. तिथून उत्तरेला डोंगर. तिथं एक जुनी रेल्वे बंद करून सायकलीचा रस्ता केलाय, बोगदे तसेच ठेवलेत. मग द्राव नदी, आन शेवटी व्हिएन्ना. बावीस पानं, बावीस दिवस, चौदाशे किलोमीटर. जिथं गुरुद्वारा न्हाईच तिथं तंबू. हे सगळं जमवायला दोन वर्षं गेली.

वही म्या पहिल्यांदा दाखवली ती वीरेशला, संक्रांतीला. त्यानं अख्खी वाचून काढली. मग म्हणला, संग्या, आपण जाऊ. तिथंच बसून सगळ्या पानांचे फोटो काढले. ‘आपण’ हा शब्द त्याचा होता. म्या म्हणलो न्हवतो.

मार्चमध्ये मला अठरा पूर्ण झाली. पुण्याला जाऊन दोघांनी बोटांचे ठसे दिले. मेमध्ये त्याच्या पासपोर्टात व्हिसा आला आन माझ्या पासपोर्टासोबत नुसता एक कागद. इंग्रजी होता, वीरेशनंच फोनवर वाचून सांगितला. परत घरी येण्यासारखं पुरेसं कारण यांच्याकडं दिसत न्हाई, असं काईतरी होतं. मला राग आला, कारण खरं होतं.

आन आता हा म्हणतो फाडू का.

त्याचं म्हणणं, ऑगस्टपासून कंपनीत हजर व्हायचं, मग एवढी सुट्टी कोण देणार. जायचं तर आत्ताच. मी म्हणलो, जा, पण माझ्या रस्त्यानं जाऊ नको. दुसरा शोध.

तो हसला. “रस्ता तुझा कवापासून झाला रे? तू गेलास का कधी तिथं? लातूरच्या पुढं तरी गेलास का?”

म्या बॅगा फरशीवर आपटल्या. पाठीवरची पिशवी उघडून वही काढली आन दोन्ही हातात धरून म्हणलो, फाडतो बघ. मावशी फक्त “संगमेश” म्हणली. ती मला नेहमी संग्याच म्हणते.

“फाड की,” वीरेश म्हणला. “माझ्याकडं फोटो आहेत सगळे.” आन फोन माझ्या तोंडापुढं धरून एकएक पान सरकवून दाखवायला लागला. पहिला मुक्काम, दुसरा, तिसरा, चौथा.

पाचवं पान आलं आन माझा हात ढिला पडला.

त्याच्या फोटोत संक्रांतीचं पान होतं. त्यात लिहिलेलं, गुरुद्वारा रोज उघडा, लंगर दोन्ही टाइम. हे मला एका म्हाताऱ्या जोडप्यानं सांगितलं होतं, पण त्यांची माहितीच पाच वर्षं जुनी होती. मग मार्चमध्ये होला मोहल्ल्याच्या सणाच्या गर्दीत दिलबागसिंग म्हणून एक माणूस दुकानात आला, मोठ्या निळ्या बॅगेचं चाक घेऊन. तो त्याच भागातला, क्रेमोना शहराच्या अलीकडचा. त्यानं सांगितलं की ते बारकं खेडं हाय, आता तिथला गुरुद्वारा फक्त रविवारी उघडतो. बाकी दिवस कुलूप. चावी त्याच्याकडं, आन तो राहतो बारा किलोमीटर लांब. मधल्या वारी कोणी येणार असेल तर आदल्या दिवशी फोन करायचा. म्या ते पान लाल पेनानं खोडून खाली सगळं लिहून ठेवलं होतं, नंबरसकट. वीरेशला सांगितलं न्हवतं. मी सोबतच असणार होतो, सांगायचं कशाला?

तो तारखा सांगून राहिला होता. शुक्रवारी तोरिनोहून निघणार. बोटावर मोजलं. पाचवा दिवस मंगळवार.

म्या वही मिटली, पिशवीत घातली, आन ताक पिलो. मावशीला वाटलं राग उतरला. मग म्या त्याच्या सायकलला बॅगाही लावून दिल्या. ताडपत्रीच्या, डबल शिलाईच्या, तळाला फायबरची पट्टी. डाव्या बाजूचं पायडल उलटं फिरवून काढायचं असतं हे पण दाखवलं. सगळं सांगितलं. तेवढं सोडून.

तो गेला. मावशी ओवाळतानाचा व्हिडिओ, लातूरच्या स्टेशनवरचा व्हिडिओ, विमानतळावर खोक्यात भरलेल्या सायकलचा व्हिडिओ. ‘वीरेश युरोप’ नावाचा ग्रुप निघाला. त्यात लातूरचे, उदगीरचे, निलंग्याचे सगळे पाहुणे. रोज सकाळी तो ग्रुपवर आपलं लोकेशन चालू करायचा आन निळा ठिपका दिवसभर सरकत राहायचा. तिकडं आपल्याहून साडेतीन तास मागं, म्हणजे आमच्या नवाला ठिपका हालायचा.

पहिल्या दिवसाचा व्हिडिओ म्या अकरा बार बघितला. त्याच्यासाठी न्हाई, रस्त्यासाठी. म्या लिहिलं होतं, पुलाखालून डाव्या हाताला बांधावर चढायचं. पूल तसाच होता. बांध तसाच. पिंपळासारख्या उंच झाडांच्या रांगा, तिकडं खाली नदी. आन मधी हा, सीट दोन बोटं खाली ठेवून गुडघे बाहेर काढून पायडल मारून राहिलाय. मागं माझ्या बॅगा. उजव्या बॅगेच्या कोपऱ्याला म्या घाईत टाका वाकडा घातला होता, तोही दिसला. बॅग माझ्या हाताची, रस्ता माझ्या वहीचा आन ढुंगण त्याचं.

दुसऱ्या दिवशी त्यानं त्याच्या तिपाईवरच्या कॅमेऱ्यात बघून सांगितलं की गुरुद्वारा ते गुरुद्वारा असा युरोप कोणी केला नसेल, ही कल्पना त्याला नांदेडला दर्शनाला गेला तवा सुचली. अप्पानं तो व्हिडिओ दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवला, आमच्या साडूचा पोरगा म्हणून. अव्वानं खाली लाल बदाम पाठवला. तिला बदाम पाठवता येतो हे मला माहीत न्हवतं.

म्या अप्पाला म्हणलो, कल्पना माझी हाय. अप्पा म्हणला, असंल की, पण पायडल कोण मारून राहिलंय? तवा म्या टेबलावरचा बॅगेच्या चेनच्या रनरचा अख्खा डबा उडवून दिला. रनर वेचायला संध्याकाळ झाली.

मंगळवारी सकाळपासून मी फोन बाजूला ठेवला न्हाई. तिकडं उन्हाची लाट होती, आपल्या मे महिन्यासारखी, वरून दमट आन मच्छर. तो पहाटंच निघाला होता. ठिपका नदीच्या कडेकडेनं वळत वळत चालला होता. म्या एका बाईच्या पर्सला रनर उलटा बसवला. तिनं चेन ओढली ती निघूनच आली. अप्पा म्हणला, ध्यान कुठं हाय तुझं. ध्यान क्रेमोनाच्या अलीकडं होतं.

साडेचारला, म्हणजे तिकडं दुपारी एकला, ठिपका थांबला. नेमका त्या दारापुढं.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं. त्या रस्त्यावर पहिल्यांदा कोणीतरी माझ्यावाचून अडलं होतं.

पाच मिनिटांनी वीरेशचा फोन आला. म्या वाजू दिला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तवा म्या फोन उलटा करून मशीनवर ठेवला आन एका सॅकचा बंद शिवायला घेतला. चौथा आलाच न्हाई. मला वाटलं आता ग्रुपवर काईतरी लिहील. तिथंही काई न्हाई. ग्रुपवर तो फक्त हसतानाच दिसायचा.

मग मावशीचा फोन आला. तो घ्यावाच लागतो.

ती ओरडली न्हाई. सावकाश बोलत होती, माणूस घाबरल्यावर बोलतो तसं. “संगमेश, दार बंद आहे म्हणतोय रे. हाक मारली, कोणी न्हाई. दोन दिवस झाले त्याच्या पोटात पाणी टिकत न्हाई, तुम्हाला व्हिडिओत दाखवत न्हाई तो. मोबाइलला पण नऊ टक्केच राहिलेत. तुझ्या वहीत बघ की बाळा, काई लिहिलंय का.”

म्या म्हणलो, बघतो मावशी.

वही गल्ल्याखालच्या खणात होती. बघायची गरज न्हवती. तरी काढली, पाचवं पान उघडलं आन बसून राहिलो. मावशीनं माझ्याकडून पहिल्यांदा काई मागितलं होतं. ते पण त्याच्यासाठी. माझ्यासाठी कोणाला कोणाची वही बघायची वेळ कवा येणार, असं पण डोक्यात आलं. मी लई वाईट असंल, पण आलं. भिंतीवरच्या घड्याळात काटा पाचवरून सव्वापाचवर गेला. अप्पानं दोनदा विचारलं काय झालं म्हणून.

मग ठिपका हालला.

तो पुढं निघाला होता. पुढचा मुक्काम चाळीस किलोमीटरवर, त्यातले सव्वीस उघड्या बांधावरून. म्या सहाव्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, झाड न्हाई, नळ न्हाई, दुपारी जाऊ नये. त्याच्याकडं त्या पानाचा फोटो होता. त्यानं वाचलं असणार. वाचून निघाला होता. का वाचायचं भानच न्हवतं, मला काय माहीत.

म्या दिलबागसिंगला फोन लावला. पूर्ण वाजून बंद झाला. तो माणूस रात्री दोनला उठून गाई पिळतो आन दुपारी झोपतो, हे पण लाल पेनानं लिहिलेलं होतं. पुन्हा लावला. उचलला. म्या म्हणलो, चाचाजी, नांदेडहून संगमेश, बॅगवाला. माझा भाऊ तुमच्या गुरुद्वाऱ्यापुढं उन्हात हाय, बिमार हाय.

“पुत्तर, मैंने तो बोला था ना, एक दिन पहले फोन करना,” तो झोपेतल्या आवाजात म्हणला. “भाई को बताया नहीं?”

“भूल गया.”

पलंग करकरला. मग म्हणला, “तू भूलनेवाला लगता तो नहीं है.” तवर त्याच्या चाव्या वाजलेल्या मला ऐकू आल्या आन मग गाडीचं दार.

वीरेशला फोन लावला तर पहिल्याच रिंगला उचलला. नुसता धापा टाकत होता. म्या म्हणलो, माघारी फीर, चावी येऊन राहिली. तो हो म्हणला. दुसरं काई विचारलं न्हाई, न विचारताच फोन बंद पडला. ठिपकापण गेला. अर्धा तास मी त्या रिकाम्या नकाशाकडं बघत बसलो, आन तेवढ्यात अव्वानं विचारलं की आज वीरेशचा व्हिडिओ कसा आला न्हाई अजून.

आला. दुसऱ्या दिवशी आला आन नेटवर तोच सगळ्यात चालला. तिपाईवरच्या कॅमेऱ्यात कुलूप लावलेलं दार, रिकामी बाटली, उन्हात कोणी न्हाई, त्याचा उतरलेला चेहरा. आता काय होईल माहीत नाही, असं म्हणलेला. मग धूळ उडवत गाडी येते, पगडीवाला माणूस उतरतो, याला कवळ्यात घेतो. मग ताटात फुलके, लस्सीचा गिलास. आधीच्या चार व्हिडिओंना मिळून जेवढे लोक होते त्याच्या शंभरपट या एकाला. लातूरच्या पेपरात फोटो. त्याचा सगळ्यात मोठा दिवस म्या घडवून दिला होता, आन तो असा. मला रडायला आलं रागानं. दुकानाच्या मागं जाऊन जुन्या बॅगांच्या ढिगाला लाथा घातल्या.

दोन दिवसांनी दिलबागसिंगनं मला एक व्हिडिओ पाठवला. त्याच्या पोरीनं तिच्या मोबाइलवर काढलेला, तोच लस्सीचा टाइम. त्यात तो वीरेशच्या खांद्यावर हात ठेवून कॅमेऱ्याकडं बघून म्हणतो, “यह रास्ता नांदेड के संगमेश का है जी. बैग का पहिया लगाते लगाते उसने हमसे आधा इटली पूछ लिया. चाबी की बात भी मैंने उसको बोल रखी थी, मार्च में. बताना भूल गया.”

म्या तो चार बार बघितला. पहिल्या वाक्याला वीरेश हसतो. शेवटच्या वाक्याला हसू तसंच राहतं, पण डोळे थांबतात. त्यानं टाकलेल्या व्हिडिओत हे काईच न्हवतं. लस्सीचा गिलास तोंडाला लावला की लगेच दुसरी सकाळ.

त्यानं माझं नाव कापलं होतं. एवढंच मला दिसलं.

तो व्हिएन्नाला पोचला, बावीसच्या बावीस पानं झाली. जुलैत परत आला. मी लातूरला गेलो न्हाई. अव्वा, अप्पा जाऊन आले. अव्वा सांगत होती की पोरगा वाळून गेला पण तेज आलंय. समाजाचे लोक त्याचा सत्कार करणार हायेत, मंगल कार्यालयात, येत्या रविवारी संध्याकाळी पाचला. म्या म्हणलो, करा.

गुरुवारी त्याचाच फोन आला. रविवारी ये म्हणला. म्या म्हणलो, कशाला येऊ, तुझी कल्पना ऐकायला? दिलबागसिंगचा व्हिडिओ माझ्याकडं हाय, तू माझं नाव कापलंस. इतके दिवस तोंडात धरून ठेवलेलं सगळं बोललो. वाकडा टाका, खाली ठेवलेली सीट, ‘आपण’ म्हणलेलं. तो ऐकून घेत होता. बोलून बोलून माझा दम संपला तवा म्हणला:

“कापलं. तुझं नाव आणि चावी एकाच दमात बोलले ते. नाव ठेवलं असतं तर चावीचंपण राहिलं असतं, आईला कळलं असतं. आई रोज दहा बार बघते ते व्हिडिओ.”

म्या फोन दुसऱ्या कानाला लावला.

“संग्या, भूल गया असं ते म्हणले. तिसऱ्या पानावर तू नळाचा रंग लिहिलायस. तू विसरतोस का?” मग म्हणला, “तुला माहीत होतं ना, माझ्या फोटोत जुनं पान आहे म्हणून? त्या दिवशी, घरी?”

खोटं बोलता आलं असतं. तयार होतं तोंडात.

“हाव,” म्या म्हणलो.

त्याच्याकडं मिल चालू होती, तिचा आवाज येत होता. मला वाटलं शिव्या देईल. मग मलाही देता आल्या असत्या.

“रविवारी मला बोलायचंय,” तो म्हणला. “मी सांगेन की रस्ता तुझा. दोन वर्षं लागली ते सांगेन. पण मग मंगळवारचंपण सांगावं लागेल, तेच सगळ्यांनी पाहिलंय, तेच विचारतात. दोन्ही येईल, न्हाईतर दोन्ही राहून जाईल. तू ठरव. नको म्हणलास तर कल्पना माझीच होती म्हणून चालवून घेतो, मला काय.”

ते ‘मला काय’ मला अजून टोचून राहिलंय.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. म्या दोन्ही बाजूनं लई डोकं चालवलं. नको म्हणलं तर मावशी मला पहिल्यासारखीच संग्या म्हणणार. अव्वाला, अप्पाला काई कळणार न्हाई. आन रस्ता जलमभर त्याचा. उद्या दुसरा कोणी त्या बांधावरून गेला तरी म्हणणार, वीरेशचा रस्ता. हो म्हणलं तर त्या मंगल कार्यालयात उदगीर, निलंगा, लातूरचे सगळे पाहुणे माझ्याकडं वळून बघणार. मावशी पण बघणार. तिचं बघणं डोळ्यापुढं आणून बघितलं. मग वही उघडून पहिल्या पानापासून वाचत गेलो. पाचव्या पानावरचं लाल अक्षर आलं, तेही वाचलं. ते पान पण माझंच हाय. बाकीची एकवीस ठेवून तेवढं एक त्याला कसं देऊ?

काल दुकान बंद करायच्या आधी म्या त्याला लिहिलं: दोन्ही सांग. मी समोर बसतो. सीट दोन बोटं खाली होती हे पण सांग.

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर न्हाई.

अव्वा आत्ता म्हणून राहिली की एसटीनं जा, सगळ्यांपुढं घामेजलेला काय जातोस. तिला म्या अजून काई सांगितलेलं न्हाई. तिथंच कळेल. पहाटेचे पाच वाजलेत, टायरात हवा भरून झाली. उशीर केला तर अहमदपूरच्या चढाला ऊन गाठतं. मला आता निघायलाच पाहिजे.